'कोमूने' आणि 'फ्रात्सिओने' यांना मराठीत काय म्हणावे?

मधुमालती:
नमस्कार. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये तेथील मोंतोने या डोंगरमाथ्यावरच्या गावात त्यांचे स्मारक झाले. त्या परिसराविषयीचा एक इटालियन मजकूर मी मराठीत आणत आहे. त्यात मोंतोनेला 'कोमूने', म्हणजे स्थानिक कारभाराचा घटक, म्हटले आहे. मी प्रथम 'नगरपालिका' लिहिले, तेव्हा मजकूर तपासणाऱ्या स्नेह्यांनी दोन हजारांच्या आतल्या वस्तीला नगरपालिका कुठली, असे म्हणून ते खोडले. 'ग्रामपंचायत' केले, तर पुढच्याच परिच्छेदात रोमच्या कोमूनेचा उल्लेख आला. त्याहून अवघड शब्द 'फ्रात्सिओने', म्हणजे कोमूनेच्या हद्दीतले, पण मुख्य गावापासून सुटे असलेले लहान गाव. तेथे मी 'वाडी' योजले आहे. ते योग्य होईल का?

गिरिस्थान:
अडचण शब्दाची नाही, व्यवस्थेची आहे. इटलीत सुमारे 7,900 कोमूने आहेत आणि त्यांत शहर व खेडे असा भेदच केलेला नाही. लेक्को प्रांतातल्या मोर्तेरोनेत जेमतेम तीसेक माणसे राहतात, रोमची वस्ती पंचवीस लाखांच्या वर आहे, आणि तरीही दोन्हीकडच्या प्रमुखाला 'सिंदाको'च म्हणतात. आपल्याकडे सरपंच, नगराध्यक्ष आणि महापौर असे तीन निराळे शब्द लागतात. त्यामुळे 'कोमूने' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्याने उलगडून सांगावा, असे माझे मत आहे.

शब्दवेल्हाळ:
मला हे पटत नाही. परका शब्द देवनागरीत लिहिला म्हणून त्याचे भाषांतर होत नाही. 'पालिका' हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे. 'नगर' आणि 'महानगर' ही विशेषणे गाळली की तो लहानमोठ्या दोन्हींना लागू पडतो. प्रत्येक अडचणीपाशी मूळ शब्दच ठेवत गेलो, तर मराठीला नवा अर्थ पेलण्याची सवय उरणार नाही.

खाडीपट्टा:
'वाडी'बद्दल सांगतो. आमच्या गावाला सात वाड्या आहेत आणि आमची वाडी वहाळापलीकडे आहे. मुंबईत कुणी विचारले तर आम्ही गावाचे नाव सांगतो, गावात विचारले तर वाडीचे. फ्रात्सिओनेतली माणसेही बहुधा असेच सांगत असतील, म्हणून शब्द मला जवळचा वाटतो. पण लिगुरियाच्या किनाऱ्यावरची चिंक्वे तेर्रे ही पाच गावे पाहून आल्यावर मला शंका येऊ लागली. गावे पाच असली तरी कोमूने तीनच आहेत. मानारोला हे रिओमाज्जोरेचे फ्रात्सिओने आहे आणि कोर्नील्या हे वेर्नात्साचे. कोर्नील्याच्या स्थानकावर उतरून सुमारे 380 पायऱ्या चढलो, तेव्हा वर स्वतंत्र चर्च, अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना टेकलेली उंच घरे असलेले चांगले नांदते गाव दिसले. त्याला 'वाडी' म्हटले तर आमच्याकडचा वाचक माडांतली सुटीसुटी कौलारू घरे डोळ्यांपुढे आणील. त्यापेक्षा 'मजरे' बरे. महसुली कागदांत मोठ्या गावाला जोडलेल्या लहान वस्तीसाठी तो अजून येतो.

शब्दवेल्हाळ:
'मजरे' अरबी आहे आणि तरुण वाचकाला अपरिचितही आहे.

खाडीपट्टा:
'कसबा', 'तालुका' आणि 'जिल्हा' हेही अरबीच आहेत. मग पुण्याच्या कसबा पेठेचे नाव आपण बदलणार आहात का?

पोथीशाळा:
एक गोष्ट कुणी लक्षात घेतलेली नाही. 'फ्रात्सिओने'चा शब्दशः अर्थ अंश, तुकडा; लॅटिनमधला मूळ धातू तोडणे या अर्थाचा. आता संस्कृतमधला 'पाटक' पाहा. 'पाटयति' म्हणजे फाडतो, दुभागतो, आणि 'पाटक' म्हणजे गावाचा अर्धा किंवा काही भाग. त्यापासूनच मराठी 'पाडा' आणि बंगाली 'पाडा' आले. दोन दूरच्या भाषांनी गावाच्या तुकड्याला एकाच कल्पनेतून नाव द्यावे, याचा मला फार आनंद झाला. माझ्या मते 'पाडा' हाच नेमका शब्द आहे.

गिरिस्थान:
व्युत्पत्ती सुंदर आहे, परंतु पालघर आणि डहाणूकडच्या वाचकाला 'पाडा' म्हटले की आदिवासी वस्तीच दिसेल. शब्द आज काय दाखवतो, हे पाहून तो निवडावा लागतो. शिवाय वाल्सामोज्जासारख्या ठिकाणी काय करायचे? बोलोन्याजवळच्या पाच कोमूनेंचे विलीनीकरण होऊन 2014 मध्ये ते निर्माण झाले. ते नाव खोऱ्याचे आहे, कचेरी बाज्जानोत आहे, आणि जी पाच गावे स्वतःच कोमूने होती, त्यांना तुकडा म्हणणे तिथल्या माणसांना सहन होईल का? येथे आपली 'गट ग्रामपंचायत' ही कल्पना अधिक जुळते.

मांडवीतीर:
गोव्यातील वाचकांच्या वतीने एक सूचना करते. 'कोमूने' वाचताच आम्हांला 'कोमुनिदाद' आठवेल. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असले तरी कोमुनिदाद ही गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था आहे, पंचायत नव्हे. उलट उत्तर इटलीतल्या त्रेंतिनोमध्ये काही फ्रात्सिओनेंची स्वतःची सामाईक कुरणे व जंगले आहेत आणि त्यांचा कारभार कोमूनेपासून वेगळा चालतो. म्हणजे आमच्या कोमुनिदादीचे साम्य कोमूनेपेक्षा फ्रात्सिओनेशी अधिक आहे.

मधुमालती:
सर्वांचे आभार. मजकूर मला शुक्रवारी द्यायचा आहे. तूर्त 'मोंतोने कोमूने आणि तिच्यातील वाड्या' असे लिहून ठेवले आहे. 'तिच्यातील' की 'त्यातील', हेही कुणी सांगावे. इटालियनमध्ये शब्द पुल्लिंगी आहे.

पोथीशाळा:
गिरिस्थान, आपल्याकडे एका वस्तीला वाडी आणि दुसरीला पाडा का म्हटले गेले, याचा विचार करावा. 'वाडी' ही 'वाटिके'पासून आली, म्हणजे तिच्या मुळाशी कुंपण आहे. 'पाड्या'च्या मुळाशी विभागणी आहे. मोंतोनेच्या आसपासच्या वस्त्या कुंपणातून वाढल्या की गावातून फुटल्या, हे आधी पाहायला हवे.