चकमकीच्या बंदुकीत रंजक जळतं पण बार होत नाही, मदत हवी

पेनकर
नमस्कार मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात असतो. जुन्या हत्यारांचं वेड लहानपणापासून, शेवटी मागच्या महिन्यात लाँग रायफलची (जुनी लांब नळीची चकमकीची बंदूक) प्रतिकृती घेतली, ५० कॅलिबर, इटालियन बनावटीची. इथे ख्रिसमसनंतर हरणांच्या शिकारीचा फक्त फ्लिंटलॉकवाल्यांसाठी, म्हणजे चकमकीच्या बंदुकीवाल्यांसाठी सीझन असतो, १९७४ पासून चालू आहे, पुढच्या वर्षी त्यात जायचंच आहे. पण रविवारी रेंजवर १० पैकी ४ वेळा रंजक (नळीबाहेरच्या पॅनमधली, म्हणजे छोट्या वाटीतली पेटवायची दारू) भपकन जळलं, धूर झाला आणि नळीत काहीच नाही. गारगोटी नवी, ठिणग्या मस्त पडतात. दारू पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरतात ती पावडर), दुकानात तीच मिळाली म्हणून पॅनमध्येही तीच, आणि कमी पडू नये म्हणून पॅन काठोकाठ भरतो. शिवाय चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत माझा हात हलतोच हलतो. काय चुकतंय?

गारगोटी
पायरोडेक्स आधी बाजूला ठेवा. ते पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, टोपीच्या (ठिणगीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बंदुकीत चालून जातं, चकमकीत दगा देतं. खरी काळी दारू आणा, नळीत थ्री-एफ, रंजकाला त्याहून बारीक दाण्याची फोर-एफ, आणि किती घालायची ते बंदुकीसोबतच्या पुस्तिकेत बघून. बिनधुराची आधुनिक पावडर मात्र चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते.
आता पॅन. अर्ध्याहून कमी भरा, नळीच्या बाजूचं भोक रंजकाने बुजता कामा नये. बुजलं की रंजक वातीसारखं हळूहळू जळत आत जातं, आपल्याला ज्वाळा भोकातून एकदम आत गेलेली हवी. प्रत्येक बाराआधी तिथून बारीक तार फिरवा. आणि साफसफाईचं तेल नळीत राहिलंय का तेही बघा, रेंजवर गेल्यावर अल्कोहोलची चिंधी आणि मग कोरडी चिंधी फिरवल्याशिवाय मी पहिला बार भरतच नाही.

रानवाटा
वरचं सगळं बरोबर, पण त्या ४ वेळा बार झाला नाही तेव्हा तुम्ही काय केलंत? नळी टार्गेटकडेच धरून निदान १ मिनिट थांबायचं, कधीकधी आत धुमसत असतं आणि उशिरा उडतं. माझ्या शेजारच्या माणसाने एकदा लगेच नळी वर करून बघायला सुरुवात केली होती, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. दुसरं म्हणजे गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे, मधे जागा राहिली तर नळी फुगते, म्हणून ठासायच्या गजावर खूण करून ठेवा. फ्लास्कमधून थेट नळीत दारू ओतू नका, आत निखारा राहिलेला असू शकतो, मापात घेऊन ओता.
हात हलण्याचं म्हणाल तर गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून घरी रिकामा सराव करा. लक्ष पॅनकडे जातं तिथेच चुकतं, बार झाल्यावरही नजर माशीवरच (नळीच्या टोकाच्या नेम धरायच्या खुणेवर) राहू दे.

कोकणातला
वाचून आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून भरायची) बंदूक आठवली, टोपीवाली, रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना होता. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची. तुमच्याकडे परवाना लागत नाही का?

पेनकर
@कोकणातला, १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या प्रतिकृती अँटिकमध्ये धरतात, नेहमीच्या बंदुकीचे नियम लागत नाहीत. पण प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, त्यामुळे राज्याबाहेर नेण्याआधी विचारूनच नेणार.
बाकी सगळ्यांचे मनापासून आभार! काळी दारू मागवली, पॅन अर्ध्याच्या खाली, तार फिरवली, काल २० पैकी १८ बार झाले!! आवाजातसुद्धा फरक कळतो, आधी फुस्स-ढुप्प असं दोन तुकड्यांत यायचं, आता जवळजवळ एकच. घरी आल्या आल्या गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने नळी धुतली, काळं पाणी संपता संपेना. शेवटचे २ बार हुकले ते बहुतेक गारगोटी बोथट झाल्यामुळे. ती बंदुकीवरून न काढता धार करता येते का?

गारगोटी
येते, पण बंदूक रिकामी आणि पॅन पुसलेलं असेल तेव्हाच. पितळेच्या छोट्या दांडीने कडेवर वरून खाली हलकेच टोले द्या, बारीक कपच्या उडतात म्हणून चष्मा घाला.