वेगवान आघात, मिश्रधातू आणि ‘ठिसूळ’ हा शब्द

फोंड्याहून : मराठी विज्ञान-व्याख्यानासाठी हलक्या मिश्रधातूंवर टिपण लिहीत आहे. वेगाने आदळलेल्या वस्तूमुळे पत्र्याचा आकार बदलतो, त्याला ‘विरूपण’ म्हणावे की ‘विकृती’? आणि पत्रा फुटला, तर तो ‘ठिसूळ झाला’ असे लिहिलेले चालेल काय?

वास्कोहून : आकार बदलण्याची क्रिया ती विरूपण, मूळ लांबीच्या प्रमाणात बदल किती झाला, ती संख्या म्हणजे विकृती. हा भेद येथे सोडून चालणार नाही, कारण सगळे अवलंबून आहे ते विकृतीच्या दरावर, म्हणजे ती किती वेगाने वाढते यावर. नेहमीच्या ताणचाचणीत तो सेकंदाला एक सहस्रांशाच्या आसपास असतो. कोल्स्की यांनी १९४९ मध्ये रूढ केलेल्या दुभागलेल्या दांड्याच्या चाचणीत, म्हणजे दोन दांड्यांच्या मध्ये नमुना ठेवून आघात देण्याच्या चाचणीत, तो सेकंदाला हजाराच्या घरात जातो.

‘ठिसूळ’ मात्र सरसकट लिहू नये. फारसे विरूपण न होता जे तुटते तेच ठिसूळ. आम्ही गोदीत वापरतो त्या ५०८३ जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याला आधी पोचा पडतो, मग तो ताणला जाऊन पातळ होतो आणि शेवटी फाटतो. हा तन्य भंग झाला. टायटॅनियमचे प्रकरण निराळे आहे. विरूपणासाठी खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णतेत बदलतो, ती उष्णता पसरायला वेळ मिळत नाही, शिवाय हा धातू उष्णतेचा मंद वाहक. त्यामुळे एक अरुंद पट्टा तापून मऊ पडतो आणि पुढचे सारे विरूपण त्यातच एकवटते. छेद घासून, चकचकीत करून त्यावर आम्ल लावले की सूक्ष्मदर्शकाखाली हा पट्टा बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. त्याला ‘कर्तनपट्टा’ म्हणावे. बाहेरून तुकडा पटकन तुटलेला दिसला, तरी आत धातू मऊच झालेला असतो. त्याला ठिसूळ म्हणणे म्हणजे कारण उलटे सांगणे होय.

डिचोलीहून : आघातामुळे पत्र्याच्या मागच्या बाजूने जो थर सुटून उडतो, त्याला ‘ढलपी’ हा आपला शब्द सुचवतो, जुन्या भिंतीच्या गिलाव्याची निघते तशीच. दाबाची लहर पत्र्याच्या मोकळ्या मागच्या पृष्ठभागावरून परतताना ताणाची होते आणि तो ताण धातूला पेलला नाही, तर आतल्या आत भेग पडून थर सुटतो. समोर भोक पडलेले नसतानाही हे घडू शकते, म्हणून ‘आरपार जाणे’ हा प्रयोग येथे टाळावा.

फोंड्याहून : ‘ढलपी’ स्वीकारली. मग मॅग्नेशियमला तरी ठिसूळ म्हणता येईल ना?

वास्कोहून : सर, तेथे तो शब्द अधिक जवळचा आहे, पण अट घालून. मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी असल्यामुळे सामान्य तापमानाला अणूंचे थर सहजपणे मोजक्याच प्रतलांवर सरकतात, आणि उरलेले काम यमलनाने, म्हणजे स्फटिकाचा काही भाग आरशातल्या प्रतिमेसारखा कलून, भागते. लाटलेल्या पत्र्यात बहुतेक स्फटिक एकाच बाजूला कललेले असल्यामुळे आघात कोणत्या दिशेने झाला यावर वर्तन बदलते. तेव्हा नुसते ‘मॅग्नेशियम ठिसूळ’ असे न लिहिता लाटण्याची दिशा आणि आघाताची दिशा दोन्ही नोंदवाव्यात.