केशरी लघवी ठीक, पण रिफाम्पिसिनचा दुसरा उपद्व्याप विसरू नका

टीबीवरच्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, म्हणून घाबरून गोळ्या थांबवू नका, असं सांगतात ते बरोबरच. रिफाम्पिसिनचा रंग पहिल्या दिवसापासून दिसतो, गोळी घेतल्यावर काही तास जास्त गडद असतो, आणि घाम-अश्रूंतही उतरतो (सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात, चष्मा वापरा). पण काही आठवडे गेल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, तर तो रंग औषधाचा नव्हे, यकृताचा. तेव्हा पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सहसा बोलायचा राहून जाणारा मुद्दा वेगळा आहे. हे औषध यकृतातली एन्झाइम्स (औषधं मोडणारी प्रथिनं) वाढवतं, त्यामुळे सोबतची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेऊनही निकामी ठरू शकतात. कॉपर-टीला मात्र फरक पडत नाही. वॉर्फरिनचा (रक्त पातळ ठेवणारी गोळी) परिणाम घटतो, ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांची साखर चढते आणि लोक उगाच जेवणावर खापर फोडतात. गंमत म्हणजे कोर्स संपल्यावर दोनेक आठवड्यांत सगळं उलट फिरतं: कोर्सदरम्यान वाढवलेला वॉर्फरिनचा डोस तसाच ठेवला तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तेव्हाही करायची. गोळ्या शक्यतो उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर; अँटासिड घ्यायचंच असेल तर आधी रिफाम्पिसिन, मग किमान तासाभराने ते.