माल्टात पाऊस लागला तर दिवस कसा लावायचा? (दोघंच, नोव्हेंबर)

धरमपेठकर
दिवाळी झाली की आम्ही दोघं माल्टाला चाललो, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. मुक्काम स्लीमात, पाच रात्री. गाडी घेणार नाही, फिरणं बसनं आणि पायी. बुधवारी कोमिनो बेटाचं ब्लू लगून ठरवलं होतं, पण अंदाजात त्या दिवशी पाऊस आणि ईशान्येचा जोराचा वारा दाखवून राहिला. दिवसभर हॉटेलात बसायचं नाही. सौ. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. माझा गुडघा पायऱ्या उतरताना त्रास देतो. कोणी नीट आखून देता का?

वारापाणी
कोमिनो बुधवारी काढूनच टाका, पण पावसासाठी नाही, वाऱ्यासाठी. तिकडे नुसत्या पावसानं बोटी थांबत नाहीत, वाऱ्यानं थांबतात. ईशान्येच्या वाऱ्याला तिथले लोक ग्रेगाले म्हणतात. राजधानी व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बर बंदराचं तोंडच त्या दिशेला, त्यामुळे लाट आत घुसते. वायव्येचा असला की तो मजिस्ट्राल, आणि त्याचा मार चिरकेव्वाकडे, म्हणजे गोझो बेटाची मोठी फेरी सुटते तिकडे जास्त. आधी बंद होतात कोमिनोच्या आणि ब्लू ग्रोटोच्या (समुद्रातल्या गुहा) लहान बोटी, मग व्हॅलेटा-गोझो फास्ट फेरी. गाड्या नेणारी मोठी फेरी सगळ्यांत शेवटी. वारा पडला तरी समुद्र लगेच निवत नाही, म्हणून कोमिनो गुरुवारी न टाकता शुक्रवारी टाका. मोबाइलवर अंदाज बघताना ढगाच्या चित्राकडे नका पाहू, वाऱ्याची दिशा आणि लाटेची उंची पहा.

स्लीमा-व्हॅलेटा छोटी फेरी एरवी दहा मिनिटांत पोचवते, पण वादळात तीही बंद असते. मग बस. ती म्सिडावरून जाते आणि म्सिडा खोऱ्याच्या तोंडाशी आहे. बिरकिरकाराकडचं सगळं पाणी तिथंच उतरते. अंबाझरीखाली नाग नदीकाठी होते तसंच समजा. एक जोराची सर आली की रस्ता भरतो आणि बस अडकते. म्हणून आठच्या आत निघा. थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, आणि भरलेली असली तर हात दाखवूनही नाही. ड्रायव्हरकडचं तिकीट दोन तास चालते, तेवढ्यात बस बदलता येते. सुटे युरो जवळ ठेवा.

दगडधोंडे
वरच्या भाऊंचं बरोबर. बुधवार अख्खा व्हॅलेटाला द्या. गाव जेमतेम किलोमीटरभर लांब, एका छपरातून दुसऱ्या छपरात जायला पाच-सात मिनिटं पुरतात.

सकाळी उघडल्या उघडल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. पावसात सगळे पर्यटक इथंच येतात, अकरानंतर रांग बाहेर भिजत उभी असते. खांदे झाकलेले हवेत. सौंना सांगा, टोकदार टाचेची चप्पल आत चालत नाही, कारण जमीन म्हणजे रंगीत संगमरवरात जडवलेल्या सुमारे ४०० सरदारांच्या समाध्या. छतावरची चित्रं मात्तिया प्रेतीनं थेट दगडावर तेलरंगात काढली आहेत, त्यासाठी मान वर करून बसायला बाकं शोधा. मग ऑरेटरीत (तिथलीच प्रार्थनेची खोली) कारावाज्जोचं १६०८ चं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’. पाच मीटरहून रुंद. मानेतून जमिनीवर सांडलेल्या रक्ताशी जवळून बघा, त्या रक्तातच त्याची सही आहे. सही केलेलं त्याचं हे एकच चित्र. घाईत बघू नका, इथं अर्धा तास द्या.

तिथून रिपब्लिक स्ट्रीटवरच पुरातत्त्व संग्रहालय. ‘निद्रिस्त स्त्री’ म्हणून जी मातीची मूर्ती पोस्टरवर भली मोठी दिसते ती प्रत्यक्षात फक्त १२ सेंटिमीटरची आहे, लोक शोधत पुढं निघून जातात.

गुडघ्याचं: रिपब्लिक आणि मर्चंट्स स्ट्रीट उंचवट्यावरून लांबीला धावतात, त्या मानानं सपाट. आडव्या गल्ल्या समुद्राकडे पायऱ्यांनी उतरतात, चुनखडीचा झिजलेला दगड, ओला झाला की साबणासारखा. तिकडे वळूच नका. लास्कारिस वॉर रूम्स (दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी खोल्या) भूमिगत आहेत म्हणून पावसाला योग्य, पण वाटेवर पायऱ्या भरपूर. तुम्ही नाही गेलात तरी चालेल.

महालकर
म्दिनाला, म्हणजे माल्टाच्या जुन्या राजधानीला, काहून नाही पाठवत त्यांना? व्हॅलेटाहून ५१, ५२, ५३ सरळ जातात.

दगडधोंडे
तटबंदी उंच टेकाडावर, चारी बाजूंनी वारा. शेजारच्या रबातमधली सेंट पॉल्सची भूमिगत दफनघरं पावसात बरी, पण दगडी जिने उभे आणि ओलसर. या गुडघ्याला नको. हगार किमच्या प्राचीन दगडी मंदिरावर २००९ पासून तंबूचं छत आहे म्हणून तेही कोणी सुचवेल. पण तिथून म्नायद्रा या दुसऱ्या मंदिरापर्यंतची अर्धा किलोमीटर वाट समुद्राच्या तोंडावर उघडी, आणि बसची वाट बघायची तीही उघड्यावर.

धरमपेठकर
हायपोजियम, ते प्राचीन दफनघर, भूमिगतच आहे तर बुधवारी जमेल? आणि खायचं काय?

वारापाणी
हाल सफ्लियेनी हायपोजियमला एका वेळी दहाच माणसं सोडतात. श्वासातली दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड दगड आणि गेरूची नक्षी खाते म्हणून. ऑनलाइन तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. उरलेली थोडी आदल्या दिवशी सकाळी फोर्ट सेंट एल्मोत विकतात, महाग. म्हणजे मंगळवारी नऊच्या आधी तिथं उभं राहावं लागेल. फोटो काढू देत नाहीत.

भाजीभाकर
शाकाहारी माणसासाठी पास्तिझी. खारीसारखे पापुद्रे, आत वाटाण्याचं किंवा रिकोटाचं सारण. मागताना ‘पिझेल्ली’ म्हणजे वाटाणा. मात्र पिठात चरबी आहे की मार्गारीन हे दुकानागणिक बदलते, ‘लार्ड?’ एवढं विचारायचंच. मिनेस्त्रा म्हणजे भाज्यांचं दाट सूप, पावसात बेस, पण मांसाचा रस्सा घातला का विचारा. बिगिल्ला ही घेवड्यासारख्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी, पावासोबत. फ्तिरा या भरलेल्या पावामध्ये टूना मासा असतो, काढून द्या म्हणावं. ‘सोप्पा ताल-आर्मला’ या सूपात अंडं घालतात, ते टाळा. किन्नी म्हणून कडू संत्र्याचं पेय मिळते. नागपूरकरांनी एकदा चाखून तोंड वाकडं करायला हरकत नाही.

महालकर
छत्री नेऊ नका. व्हॅलेटाच्या गल्ल्या सरळ समुद्रापर्यंत, वारा नळीतून आल्यासारखा येतो आणि छत्री पालथी. टोपीचा रेनकोट, तळाला खाचा असलेले रबरी बूट, आणि पाठीवरच्या पिशवीत कोरडे मोजे. प्लग ब्रिटिश तीनपिनी लागतो. दुपारी उघडलं तर चारला अप्पर बराक्का बागेत तोफ सुटते, सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. बंदराकडून वर यायचं असेल तर लिफ्ट आहे, जिना नको.