पीजे परत आणायची तर बोदवडपर्यंतच आणा

वाघूरकाठ
परवाची पोस्ट सगळ्यांनी वाचली असेल. "पीजेची (पाचोरा-जामनेर छोट्या गाडीची) जमीन रेल्वेचीच आहे, मार्ग आखलेला आहे. हजार कोटींच्या ब्रॉडगेजची वाट कशाला बघायची? जुनी छोटी गाडीच पुन्हा सोडा, चार डबे जोडा आणि चालवा." त्याखाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून सविस्तर लिहितो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, पाचोरा-जामनेर गाडी थांबली ती थांबलीच. रूळ वापरात नसले की काय होतं ते आधी बघा. सांध्यावरच्या फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट गंजून घट्ट बसतात. खानदेशातल्या मे महिन्यात रूळ लांबतो, सांध्यात सरकायला वाव मिळत नाही, मग तो बाजूला फुगतो. दोन पावसाळ्यांत खडीत काळी माती भरते, पाणी निचरत नाही, वरून वजन गेलं की स्लीपर (रुळाखालची आडवी तुळई) खाली-वर होऊन चिखल वर फेकतो. मोऱ्यांच्या तोंडाशी काटेरी बाभळी उगवतात आणि भरावाची माती खालून वाहून जाते. म्हणजे गाडी सोडायच्या आधी रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी, खडी चाळणं, स्लीपर बदलणं, प्रत्येक मोरीचा पाया बघणं, सगळं आलंच. एवढं करून हाती काय, तर दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतराची नॅरोगेज गाडी. तिचं झेडडीएम डिझेल इंजिन जुनं, सुटे भाग सहज मिळत नाहीत. ५६ किलोमीटरला दोन-सव्वादोन तास. पाचोऱ्याला उतरून सामान डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीच्या फलाटावर पळायचं.

मंजूर काम आहे पाचोरा-जामनेर-बोदवड (भुसावळच्या पुढचं, नागपूर मार्गावरचं स्टेशन), ८४ किलोमीटर, १६७६ मिलिमीटर म्हणजे ब्रॉडगेज. मागायचं तर हेच पूर्ण मागा. जामनेरपर्यंतचं अर्धं तर मुळीच मागू नका, कारण टोकाचं स्टेशन कायम टोकाचंच राहतं.

शेंदुर्णीकर
भाऊ, तांत्रिक सगळं मान्य. पण ब्रॉडगेज होईपर्यंत गावाने काय करायचं? पीजे गावाच्या दारातून जायची. नॅरोगेजला तीव्र वळणं चालतात म्हणून ती गावाला धरून वळायची. ब्रॉडगेजला वेग हवा, वळण सरळ करायला मार्ग गावाबाहेर सरकतो. स्टेशन दीड-दोन किलोमीटर लांब गेलं की म्हाताऱ्या माणसाला रिक्षाचं भाडं गाडीच्या तिकिटापेक्षा जास्त पडतं. याचा विचार तुमच्या १६७६ मिलिमीटरमध्ये कुठे आहे?

लालपरी जामनेर
मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. माणसं आहेत का गाडीला? १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच. एसटी पहूरला थेट चौकात उतरवते. दिवसाला दोन फेऱ्या मारणाऱ्या गाडीसाठी कोण थांबेल?

वाघूरकाठ
@लालपरी, तुमचं एसटीचं गणित बरोबर आहे. फक्त प्रवाशांसाठी मी ब्रॉडगेज मागतच नाही, मालासाठी मागतोय. जामनेर-शेंदुर्णी पट्ट्यात कपाशी आणि मका. मक्याच्या ४२ वाघिणींच्या रेकमध्ये (पूर्ण मालगाडीत) सुमारे २,६०० टन माल बसतो, म्हणजे २५ टनांचे शंभराहून जास्त ट्रक. नॅरोगेजवर हा माल पाचोऱ्याला उतरवून पुन्हा चढवायचा. दोनदा हमाली, दोनदा पोती फाटणार. गेज तुटलं की व्यापार तुटतो.

आणि "छोटी गाडी काय वाईट" म्हणणाऱ्यांनी बार्शी लाइटकडे बघावं. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हीसुद्धा याच ७६२ ची होती. ब्रॉडगेज झाली म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी जाऊ शकली. पुढे पन्नास वाघिणींची, एका खेपेला २५ लाख लिटर. छोट्या रुळावर ते झालं असतं का?

तापीखोरे
रेक रेक करताय, पण रेक भरतो कोण? २,६०० टन म्हणजे ५० किलोची ५२ हजार पोती. ती ठरलेल्या तासांत भरायची, नाहीतर डेमरेज (उशिराचा दंड). त्यासाठी मालधक्का हवा, धक्क्यावर रात्री उजेड हवा, ट्रक वळायला पक्का रस्ता हवा, दोनशेच्या आसपास हमाल एका वेळी हवेत, आणि साडेसातशे मीटरची लूप लाइन (गाडी बाजूला उभी करायचा रूळ) हवी, नाहीतर पूर्ण रेक उभाच राहत नाही. जामनेरला हे सगळं बांधणार का? नाही बांधलं तर माल जाणार जळगावलाच, ट्रकनेच.

आणि बोदवडमुळे भुसावळ यार्ड टाळता येईल असं तुम्ही लोक सांगता. पाचोरा-जळगाव-भुसावळ-बोदवड शंभर किलोमीटरच्या आसपास, तुमची वाट ८४ ची, हे खरं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने जळगाव-मनमाड चौथी लाइन मंजूर केली, १६० किलोमीटर. मुख्य मार्गावर चार रूळ झाल्यावर एकेरी आडवाटेवर मालगाडी कोण वळवेल?

गिरणाथडी
चौथ्या लाइनचं सोडा, धुळ्याकडे बघा. चाळीसगाव-धुळे १९०० साली सुरू झाली, पहिल्यापासून ब्रॉडगेज, ५६ किलोमीटर, पीजेएवढीच. सव्वाशे वर्षं धुळे टोकाचं स्टेशन. गेज मोठं असून काय मिळालं? इतकी वर्षं शटल. आता मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, तेव्हा कुठे धुळे वाटेवर येणार. म्हणून वाघूरकाठ यांचं "बोदवडशिवाय नको" हे मला शंभर टक्के पटतं. मधलं स्टेशन व्हा, टोकाचं होऊ नका.

मोरीवाला
तुम्ही सगळे वरच्या रुळाबद्दल बोलताय, खालच्या रस्त्याबद्दल एक अक्षर नाही! नवीन ब्रॉडगेजवर फाटक ठेवत नाहीत. प्रत्येक शेतरस्त्याला एकतर वरून पूल, नाहीतर खालून बोगदी. शेतरस्त्याला वरून पूल कुणी देत नाही, बोगदीच येते. काँक्रीटची ठोकळ्याची मोरी, आतली उंची साडेतीन-पावणेचार मीटर. कापसाने शिगोशीग भरलेली आयशर तिच्यातून जात नाही, तोंडावरच्या हाईट गेजला (उंची अडवणाऱ्या आडव्या दांड्याला) अडते.

आणि पाणी! रस्ता पाच मीटर खाली न्यायचा तर १:२० उताराने दोन्हीकडे शंभर-शंभर मीटर उतरंड. सहा मीटर रुंदी धरा. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर नुसत्या उतरंडीवरचंच १ लाख २० हजार लिटर पाणी आत येतं. तेवढंच असतं तर पंपाने उपसलं असतं. पण बांधापलीकडचं दहा एकर शेत बोगदीकडे उतरत असेल तर ५० मिलिमीटरच्या पावसात निम्मं पाणी वाहिलं तरी दहा लाख लिटर. मिनिटाला ६०० लिटर उपसणाऱ्या पंपाला त्याला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागतील, तेही वीज असेल तर. पाऊस पडताना वीज असते का आपल्याकडे?

वाघूरकाठ
@मोरीवाला, धागा पीजेचा आहे. बोगद्यांसाठी वेगळा काढा.

मोरीवाला
वेगळा का काढायचा? ८४ किलोमीटरमध्ये शेतरस्ते किती येतील याचा हिशोब केलाय का? जुन्या पीजेवर गाडी सावकाश यायची, फाटक नसलं तरी माणूस बघून ओलांडायचा. आता दोन्हीकडे कुंपण येणार. बैलगाडी, सऱ्या पाडायचा ट्रॅक्टर, मक्याचं मळणीयंत्र, सगळं त्या बोगदीतून. जुलै ते सप्टेंबर ती तुंबली की शेत पलीकडे, शेतकरी अलीकडे. आणि तुम्ही म्हणता वेगळा धागा काढा! रेल्वे आल्यावर जो शेतात जाऊ शकणार नाही त्याला बोदवडचं काय करायचं?

शेंदुर्णीकर
मोरीवाल्यांचं बरोबर आहे. वाघूरकाठ, तुम्हाला फक्त रूळ दिसतो.

वाघूरकाठ
मला फक्त रूळ दिसतो म्हणे! रुळाखालच्या भरावात काळी माती चालत नाही, ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. वर निवडक मुरमाचा थर लागतो, जुन्या भरावाची रुंदी जवळपास दुप्पट करावी लागते, जुन्या-नव्या मातीचा सांधा पायऱ्या कापून मिळवावा लागतो, नाहीतर नवा भाग पहिल्याच पावसाळ्यात सुटा होऊन घसरतो. हे सगळं कळतं म्हणूनच सांगतोय की अर्धवट काम मागू नका. बोगदीचा प्रश्न खरा आहे, पण त्यावरून ब्रॉडगेजच नको असं म्हणणं चूक आहे.

मोरीवाला
ब्रॉडगेज नको असं मी कुठे म्हटलं? वर जाऊन पुन्हा वाचा. बोगदी नीट बांधा म्हणतोय. नीट म्हणजे काय तेही सांगतो. एक, उतरंड सुरू व्हायच्या आधी रस्त्याला अर्ध्या फुटाचा उंचवटा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येत नाही. दोन, त्या उंचवट्यापाशी आडवी जाळीची गटार. तीन, उतरंडीच्या दोन्ही भिंती आजूबाजूच्या शेतापेक्षा हातभर उंच, आणि भिंतीमागे चर, ते पाणी नाल्याला. चार, उतरंडीवर पत्र्याचं छप्पर. पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बोगदीचा तळ जवळच्या नाल्याच्या तळापेक्षा वर ठेवता आला तर ठेवा. मग पाणी आपोआप निघतं, पंप लागतच नाही. त्यासाठी बोगदी कुठे करायची ते नाल्याच्या पातळ्या मोजून ठरवावं लागतं. नुसतं नकाशावर रस्ता दिसला तिथे भोक पाडून चालत नाही. भराव जिथे उंच आहे तिथे बोगदी केली तर खोदावंच लागत नाही.

तापीखोरे
पाचवा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण भराव उंच असेल तिथेच मोरी द्यायची म्हणजे शेतकऱ्याला अर्धा-एक किलोमीटर फिरून जावं लागेल. ते त्याला चालेल का?

मोरीवाला
कोरडा अर्धा किलोमीटर चालेल. छातीभर पाणी चालणार नाही. रुळाला लागून सेवारस्ता द्या, एवढीच अट.

लालपरी जामनेर
सहा मीटर रुंद सेवारस्ता झाला तर त्यावरून एसटीही जाईल. तेवढ्यापुरतं मी तुमच्या बाजूने. गाडीला प्रवासी मिळतील यावर मात्र अजून विश्वास नाही. सकाळी साताच्या आत पाचोऱ्याला पोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर तिथून सुटणारी गाडी नसेल तर पासधारक येणारच नाहीत. पीजे दुपारी रिकामी पळायची ती वेळेमुळेच.

वाघूरकाठ
वेळेचं पटलं. आठ डब्यांची मेमू (विजेवरची लोकलसारखी गाडी), पाचोऱ्याला मुंबईकडच्या गाड्यांशी जोडून. मालाचं तापीखोरे यांनी म्हटलं तेही लिहून घ्यावं लागेल. जामनेरला साडेसातशे मीटर लूप आणि धक्का नसेल तर माझा निम्मा युक्तिवाद पडतो. हे आवडलं नाही तरी खरं आहे. बोदवडच्या टोकावर मात्र मी हटणार नाही. ८४ किलोमीटरला १० हजार टनांहून जास्त रूळ, १ लाख ३९ हजार स्लीपर, दीड लाख घनमीटरच्या वर खडी लागणार. एवढं साहित्य जामनेरला भिंतीपाशी संपवायचं?

शेंदुर्णीकर
मग छोटी गाडी सोडाचा हट्ट मी सोडतो, पण स्टेशन गावापासून किती लांब याचा आकडा ग्रामसभेच्या ठरावात हवाच. जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (बांधकामाचा मुख्य आराखडा) मंजूर होण्याआधी. एकदा काँक्रीट पडलं की अर्जांना अर्थ नाही.

मोरीवाला
त्याच ठरावात प्रत्येक बोगदीपुढे दोन आकडे लिहायला लावा. बोगदीच्या तळाची पातळी आणि जवळच्या नाल्याच्या तळाची पातळी. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर तिथे सही करू नका.