मदत हवी आहे : झोन ब्लॉकिंगमध्ये लाइनबॅकरकडे जायचं कोणी?

मंडळी, बे एरियात राहून फोर्टीनायनर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम बघायची सवय लागली आणि आता माझं लक्ष बॉलपेक्षा बॉलवाल्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या पाच जणांवरच (लाइनमन) असतं. आउटसाइड झोनचा, म्हणजे झोन ब्लॉकिंग करत कडेकडे पळायच्या डावाचा, ढाचा कळतो. ठरावीक माणूस धरायचा नाही. पाचही लाइनमन एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि आपल्या पट्ट्यात येईल त्याला अडवतात. समोर कोणी नसेल तर शेजाऱ्याला हात देऊन पुढे लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) जायचं. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आडवा पळत फट शोधतो, एकदाच वळतो आणि सुसाट सुटतो.

अडतंय ते पुढे. सेंटर (मधला लाइनमन) आणि गार्ड (त्याच्या शेजारचा) मिळून नोज टॅकलला (बचावाच्या पहिल्या रांगेतला मधला) रेटत असताना दोघांपैकी कोण सुटून लाइनबॅकरकडे जाणार, हे स्नॅपआधीच (बॉल मागे देऊन खेळ सुरू व्हायच्या आधीच) ठरतं की लाइनबॅकर कुठून घुसतो ते बघून? रिप्लेमध्ये कधी हा सुटतो, कधी तो. दोघंही रेंगाळले की लाइनबॅकर आरामात येऊन बॅकला पाडतो.

दुसरं, या पद्धतीचं श्रेय कोणाचं? डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये माइक शानाहान मुख्य कोच आणि ॲलेक्स गिब्ज लाइनचे कोच असताना, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडताना) थेट सहाव्या फेरीत निवडलेल्या रनिंग बॅक टेरेल डेव्हिसने १९९८ च्या मोसमात पळून २००८ यार्ड काढले. मला तरी गिब्ज यांचं पारडं जड वाटतं. पण आज माइकचा मुलगा काइल शानाहान मुख्य कोच असलेल्या फोर्टीनायनर्समध्ये हे घडवतं कोण, तो स्वतः की लाइनचा कोच?

कोणाची मुलं हायस्कूलला लाइनवर खेळत असतील तर त्यांना विचारून सांगा. ‘यूट्यूबवर बघ’ नको, ते झालंय!