जिनिंगमधील मजुरांची छाती आवळते: नोंद कोठे करावी आणि कोणाला कळवावे?

प्रश्न: हजेरी कारकून, वणी तालुका

नमस्कार. मी आमच्या भागातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात (येथे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधतात) हजेरी आणि मजुरीचा हिशोब पाहतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर काम करणारे, रुई प्रेसकडे लोटणारे आणि कवडी, म्हणजे खराब कापूस वेचणाऱ्या स्त्रिया यांच्यापैकी अनेकांची एकच तक्रार असते. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी असते. सुट्टीनंतर कामावर आले की दुपारपर्यंत छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला येतो, आणि पुढील दोन-तीन दिवसांत त्रास कमी होतो. ताप नसतो. ज्यांना फार त्रास होतो ते घरी राहतात आणि माझ्या हजेरीपत्रकात केवळ ‘गैरहजर’ अशी खूण पडते.

बोट चिरडले किंवा गठाण अंगावर पडली तर अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. या त्रासासाठी मात्र आमच्याकडे रकानाच नाही. मॅनेजरांचे म्हणणे असे, की खोकला बिडीचा आहे, घरून आणलेला आहे आणि तो लिहिला तर कारखान्याने दोष कबूल केल्यासारखे होईल. बहुतेक मजूर ठेकेदाराच्या यादीवर आहेत. अशा आजाराची नोंद करणे आवश्यक आहे का, आणि असल्यास ती कोणी, कशी करावी?

उत्तर: निवृत्त सुरक्षा अधिकारी, चंद्रपूर

आवश्यक आहे, आणि हे बंधन नवीनही नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ नुसार तिसऱ्या अनुसूचीतील आजार कामगाराला झाल्यास त्याची सूचना देणे ही कारखान्याच्या व्यवस्थापकाची जबाबदारी होती. त्या अनुसूचीतील २९ आजारांमध्ये सिलिकोसिस, मँगनीजची विषबाधा, आवाजाने येणारा बहिरेपणा यांच्याबरोबर कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये हेच बंधन कलम १२ मध्ये आले असून तेथे ते थेट मालकावर टाकलेले आहे. सूचना राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. विहित नमुना संचालनालयाच्या आपल्या भागातील कार्यालयातून मागून घ्यावा.

मॅनेजरांच्या भीतीविषयी स्पष्ट लिहितो. नोंद म्हणजे कबुली नव्हे. ‘अमुक दिनांकास, अमुक विभागात, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्याची तक्रार’ एवढे लिहिण्याने कोणाचाही दोष ठरत नाही. कारण ठरवणे हे डॉक्टरांचे आणि पुढे संबंधित अधिकाऱ्याचे काम आहे. उलट तक्रारी होत्या, त्या सर्वांना ठाऊक होत्या आणि तरीही कागदावर काहीच नव्हते, ही स्थिती तपासणीच्या वेळी मालकाला अधिक अडचणीची ठरते. मजूर ठेकेदाराचा आहे म्हणून त्याचे नाव वगळू नये, कारण धूळ आपल्या आवारातील आहे.

रजिस्टर साधे असले तरी चालेल. मात्र त्यात ती व्यक्ती नेमके कोणते काम करते, त्या कामावर किती हंगाम आहे, त्रास पाळीच्या कोणत्या वेळी सुरू झाला आणि आधीचा दिवस सुट्टीचा होता का, हे असलेच पाहिजे. ‘खोकला’ एवढ्याच शब्दाने काहीही साधत नाही. हे रजिस्टर हजेरीच्या वहीप्रमाणे टेबलावर उघडे ठेवू नये. आजार ही त्या माणसाची खासगी बाब आहे.

उत्तर: वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

आपण वर्णन केलेला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचा त्रास हे बिसिनोसिसचे ओळखीचे लक्षण आहे. कापसाच्या धुळीत असलेल्या जिवाणूंच्या विषारी अंशामुळे श्वासनलिका आकसतात, असे मानले जाते. सुरुवातीला आठवड्याच्या शेवटी बरे वाटते, आणि त्यामुळेच मजूर व मालक दोघेही दुर्लक्ष करतात. वर्षानुवर्षे तेच काम चालू राहिले तर दम रोजचाच होतो आणि फुप्फुसाची हानी भरून येत नाही. नवीन मजुराला पहिल्या काही दिवसांत थंडी-ताप व अंगदुखी होऊन ती आपोआप उतरते, तो प्रकार निराळा. त्याचीही नोंद करावी, पण वेगळी.

आमच्याकडे असा रुग्ण आला की प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि थुंकीची तपासणी केलीच पाहिजे. तथापि छातीचा एक्स-रे निर्दोष आला म्हणून हा आजार नाही असे समजू नये, कारण बिसिनोसिसमध्ये एक्स-रेवर विशिष्ट खूण उमटत नाही. निदानासाठी श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर अशी दोन वेळा करणे सर्वांत उपयोगी. बिडीने त्रास वाढतो हे खरे, परंतु बिडी ओढणाऱ्याला हा आजार होत नाही असे नाही.

येथील डॉक्टर मंडळींनाही एक विनंती करतो. संशयित रुग्णाचा लेखी अहवाल मुख्य निरीक्षकांकडे विनाविलंब पाठवण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे, आणि त्यासाठी निदान पक्के होण्याची वाट पाहणे कायद्याला अपेक्षित नाही. आपण केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘मजुरी’ लिहून पुढे जातो. त्या जागी ‘जिनिंग, रेच्यावर’ असे लिहिले तरी पुष्कळ काही बदलेल.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा आभारी आहे. आता एकच शंका उरते. फेब्रुवारी-मार्चनंतर हे मजूर पांगतात. पुढच्या हंगामात कोणी हिंगणघाटला जातो, कोणी आदिलाबादकडे. मग आमच्या रजिस्टरचा त्यांना उपयोग काय?

उत्तर: कामगार कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

दादा, त्यांना सर्वाधिक उपयोग याच नोंदीचा आहे. कापूस जिनिंग व प्रेसिंग हा हंगामी कारखाना गणला जातो आणि हंगामी कारखान्यांना कर्मचारी राज्य विमा लागू नाही. म्हणून सूतगिरणीतील कामगाराला आजारपणात जो आधार मिळतो तो रेच्यावरच्या मजुराला मिळत नाही. त्याच्या भरपाईची जबाबदारी सरळ मालकावर येते. बिसिनोसिस भरपाईच्या अनुसूचीतही आहे.

भरपाईच्या कायद्यात अशा आजाराचा ‘अपघात’ कोणत्या दिवशी घडला असे धरतात, तर त्या आजाराने आलेल्या असमर्थतेमुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला, त्यातील पहिल्या दिवशी. आपण आज जी ‘गैरहजर’ अशी खूण करता, तिच्याशेजारी कारण लिहिलेले नसेल तर तो दिवस पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही. शिवाय मजूर तीन-चार जिनिंगमध्ये फिरलेला असला की प्रत्येक मालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी प्रत्येक ठिकाणचे काम, हंगाम आणि तक्रार यांचा कागद हाच त्याचा पुरावा असतो.

त्यामुळे नोंद करून वही कपाटात ठेवू नका. नोंदीची सही-शिक्क्याची प्रत त्या मजुराला द्या, आणि वाचता येत नसल्यास ती वाचून दाखवा. कवडी वेचणाऱ्या बायांची नावे अनेकदा नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नावाखाली हजेरीत येतात; त्यांची प्रत त्यांच्या स्वतःच्या नावानेच काढा, आणि त्यावर कामाचा विभाग व हंगामाचे वर्ष लिहायला विसरू नका.